छातीवरची दोन टिचबटणं

अल्पशा आजाराने. सकाळी विद्यालयाच्या ग्रुपवर मेसेज आला त्यात हे दोन शब्द होते, आणि दुपारी नाक्यावर फ्लेक्स लागला त्यावरही तेच. आपल्याकडे माणूस वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून गेला तरी फ्लेक्सवर तो अल्पशा आजारानेच जातो. छापणाऱ्याकडे मजकूर तयारच असतो, फोटो आणि नाव बदललं की काम झालं. रिक्षातून उतरून मी त्या फ्लेक्सपुढे उभी राहिले. पिशवीत क्लासची कात्री होती, आणि खोटं कशाला बोलू, ती एक ओळ कापून काढावी असं मनात आलं होतं. टपरीवरच्या चहावाल्याने विचारलं, “पहचान की थी क्या, मॅडम? क्या हुआ था इनको?” मी तोंड उघडायच्या आत शिडीवरून फ्लेक्स बांधणारा माणूस म्हणाला, “पेट का कुछ था.”

पेट का काहीही नव्हतं. प्रमिला गायकवाडला स्तनाचा कर्करोग झाला होता. ही ओळ मी आधीच लिहून टाकते, कारण पुढचं सगळं मी या एका ओळीसाठी लिहिते आहे. प्रमिला भिवंडीतल्या एका नर्सिंग विद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलींना शरीररचना आणि शरीरक्रिया हा विषय शिकवायची. मी त्याच संस्थेत वरच्या मजल्यावर शिवण शिकवते. आम्ही दोघी मूळच्या दिघाशीच्या, तिचं घर बुद्धविहाराच्या मागे आणि आमचं कुणबी आळीत. पहिलीपासून एका बाकावर बसलो, म्हणून जगासाठी ती गायकवाड मॅडम असली तरी माझ्यासाठी पमीच होती. तिने लग्न केलं नाही. धाकटा भाऊ दिनेश, त्याची बायको आणि त्यांची मुलगी संघमित्रा यांच्याबरोबर ती राहायची, वरच्या मजल्यावरची एक खोली तिची होती. गेलेल्या माणसाबद्दल हात जोडून लिहावं म्हणतात. मला जमत नाहीये. महिना होऊन गेला तरी मला तिचा राग येतो, आणि तो उतरेपर्यंत थांबायचं तर हा लेख कधीच व्हायचा नाही.

आम्ही सातवीत असताना तिची आई गेली. गावात विचारलं तर सगळे एकच सांगायचे, प्वाटाचा दुखना हाय. माझी आईही तेच म्हणायची आणि विषय बदलायची. मी पमीकडे अभ्यासाला जायचे तेव्हा मावशी, म्हणजे पमीची आई, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, अंगावर भर उन्हाळ्यात चादर. त्या खोलीला एक वास होता. तो कशाचा हे आम्हाला माहीत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. परसात दोरीवर जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या पट्ट्या वाळत असायच्या, लांबच लांब, आणि पमीला त्या गोळा करून घड्या घालून ठेवाव्या लागायच्या. पुढे ती नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेली. तिथे पुस्तकात एक चित्र पाहिलं, आणि त्या दिवशी तिला कळलं की आईच्या पट्ट्या पोटावर नव्हत्याच, छातीवर होत्या. हॉस्टेलच्या फोनवरून तिने मला फक्त एवढंच सांगितलं... “कुंदा, आईला पोटाचं काही नव्हतं गं.”

तिच्या शिकवण्याची सगळी मुळं त्या फोनमध्ये आहेत. आपल्या बायकांना गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकच अवयव असतो, त्याचं नाव पोट. अंगावरून जातं तरी पोट, लघवीला जळजळ होते तरी पोट, छातीत गाठ आली तरी पोटच. डॉक्टर पुरुष असला तर विचारायलाच नको, तो विचारतो काय होतंय, ही पदर सावरून म्हणते पोटात दुखतं, आणि तो बिचारा पित्ताची गोळी लिहून देतो. प्रमिलाच्या वर्गात पहिल्या दिवशी पोट या शब्दावर बंदी यायची. “पोट नावाचा अवयव नाही,” ती फळ्याकडे पाठ करून सांगायची, “जठर आहे, यकृत आहे, स्वादुपिंड आहे, आतडी आहेत, मूत्राशय आहे, गर्भाशय आहे. कुठे दुखतं तिथे बोट ठेवायचं आणि नाव घ्यायचं.” वर्गात शहापूर-वाड्याकडच्या मुली असत, लूमच्या वस्तीतल्या मोमीन-अन्सारी घरातल्या असत. एखादी विसरून “मॅडम, पेट में मरोड़ आ रहा है” म्हणाली की तिला शिक्षा ठरलेली. तिने तासभर एप्रन घालून वर्गापुढे उभं राहायचं.

तो एप्रन आम्ही दोघींनी केला. विद्यालयात प्लॅस्टिकचा एक धडाचा पुतळा होता, त्याचं यकृत हरवलेलं आणि हृदय सेलोटेपने चिकटवलेलं. पमी वैतागून माझ्याकडे वर आली आणि म्हणाली, तू ब्लाउजला कप शिवतेस ना, मग मला फुप्फुसं शिवून दे. भिवंडीत कापडाला काय तोटा. लूमवरचं कोरं कापड घेतलं, रंगवलं, आत सुताचा कचरा भरला. पुढच्या बाजूला गुडघ्यापर्यंत येणारा एप्रन, मागच्या बाजूला नाड्यांनी बांधायचा तुकडा, कारण मूत्रपिंडं पाठीला असतात आणि हे मुली हमखास विसरतात. प्रत्येक अवयव टिचबटणाने लावायचा आणि काढायचा. उजवं फुप्फुस तीन पाकळ्यांचं, डावं दोनच, कारण डाव्या बाजूला हृदयाला जागा करून द्यावी लागते. हृदय ज्या मुलीला दाखवायचं तिच्या मुठीएवढं, म्हणून आम्ही मधल्या मापाचं केलं. गर्भाशय पेरूएवढं. लहान आतड्यासाठी मी विचारलं किती लांब कापू, तर म्हणाली, “पाचवारीपेक्षा जास्त, नऊवारीपेक्षा कमी.” ती नळी शिवून उलटवताना माझे हात भरून आले आणि मी तिला यथेच्छ शिव्या घातल्या. पहिल्या दिवशी एप्रन तिने स्वतः घातला आणि मुलींना बजावलं की उजवं म्हणजे तुमचं उजवं नाही, जिने घातलाय तिचं उजवं. अर्ध्या वर्गाने तरीही यकृत डावीकडे लावलं आणि सगळ्या मिळून इतक्या हसल्या की शिवणाच्या वर्गातून माझ्या मुली खाली बघायला आल्या.

रविवारी तो एप्रन घेऊन आम्ही गावोगाव जायचो. दापोड्याला गोदामात पॅकिंग करणाऱ्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत दाखवला, अंजूरला खाडीकडच्या आळीत ओट्यावर दाखवला. अंजूरला एका म्हातारीने आतड्याची नळी ओट्यावरून पायरीपर्यंत ओढत नेली आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. “माझे पोटान येवरा सगला हाय?” ती म्हणाली, “मना कोनी सांगलाच न्हाय.” पमी परत येताना रिक्षात रडत होती. माझ्या आईलाही कोणी सांगितलं नाही, असं काहीतरी पुटपुटली. मी तिचा हात धरला होता... तो हात नंतर किती वेळा धरायचा होता ते तेव्हा कुठे माहीत होतं.

आता रागाचं सांगते. एप्रनवर स्तनही होते. तिने ते मुद्दाम, सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जास्त वेळ देऊन करून घेतले होते. वरचं झाकण उघडलं की आत द्राक्षाच्या घडासारख्या दुधाच्या ग्रंथी, त्यांच्यापासून स्तनाग्राकडे येणाऱ्या बारीक दोऱ्या, आणि तिथून काखेपर्यंत जाणारी हिरवी नाडी, तिच्यावर मण्यांच्या गाठी. रोग पसरतो तो या वाटेने, म्हणून काखही चाचपायची, हे ती मुलींचा हात धरून शिकवायची. डाव्या स्तनात तिने एक वाटाणा शिवायला लावला होता. बाहेरून बोटांनी दाबून तो शोधायचा, हा त्या तासाचा गृहपाठ. वर्षभर हे चाललं. मग संस्थेचे सेक्रेटरी एकदा तपासणीला आले, त्यांनी वर्गाच्या दारातून ते पाहिलं आणि आत न येताच परत फिरले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. चांगल्या घरच्या मुली शिकतात, असली खेळणी वर्गात नकोत, पालक काय म्हणतील. पमीने सांगितलं की सर, हा अभ्यासक्रमात असलेला अवयव आहे. ते म्हणाले, “पुस्तकात आहे ना चित्र? मग पुरे. बाकी आतडी-बितडी राहू द्या, ते छान आहे.” आतडी-बितडी छान आहे! या माणसाला सुद्धा कोणीतरी दूध पाजूनच वाढवलं असेल.

मला वाटलं ती भांडेल. वर येऊन तिने माझ्याकडे कात्री मागितली. मी दिली नाही, तेव्हा तिने हाताने टिचबटणं उघडून दोन्ही स्तन काढले, हिरवी नाडी उसवली आणि सगळं माझ्या कपाटात चिंध्यांच्या खाली ठेवलं. मी म्हटलं, तू असं कशी करू शकतेस. ती म्हणाली, एवढ्यावरून अख्खा एप्रन बंद करतील, बाकीचं तरी वाचू दे. हिशेब बरोबर होता कदाचित. पण त्या दिवसापासून एप्रनच्या छातीवर दोन टिचबटणं नुसतीच राहिली, ज्यांना लावायला काहीच नव्हतं. मुली विचारायच्या नाहीत. नवीन बॅचला वाटायचं, शिवताना चुकून लागली असतील.

त्यानंतर काही वर्षांनी ती बारीक व्हायला लागली. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, “काही नाही गं, पोटात जरा जळजळतं.” पोटात! माझ्यासमोर बसून, माझ्या डब्यातली भाजी खाऊन ही बाई मला पोटात म्हणाली. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण जिने जन्मभर तो शब्द झोडपला तिच्या तोंडी तो आला म्हणजे तिला खरंच पित्त झालं असेल, असा मी सरळ अर्थ घेतला. मग तिने माप द्यायचं बंद केलं. वर्षातून चार ब्लाउज ती माझ्याकडूनच शिवून घ्यायची आणि दर वेळी टेप लावू द्यायची, कारण तिच्या मते बाईचं अंग दर वर्षी बदलतं. आता म्हणायला लागली, जुन्या मापावरच शिव, नाहीतर मित्राबरोबर मापाचा ब्लाउज पाठवते. मित्रा म्हणजे संघमित्रा, तिची भाची, दापोड्याला एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी करते. तिने कामावर जाता जाता पिशवी आणून दिली. मी ब्लाउज उलटा करून टेबलावर पसरला. डाव्या कटोरीच्या आत एक पिवळट डाग होता, धुऊन धुऊन कडा विरलेला, आणि त्याच्याभोवती कापूस चिकटलेला. मी तो नाकाशी नेला. दिघाशीच्या त्या आतल्या खोलीचा वास मी इतक्या वर्षांत विसरले नव्हते.

तशीच तिच्या घरी गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं. तिने ब्लाउज माझ्या हातात पाहिला आणि पलंगावर बसली. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिला सगळं माहीत होतं, गाठ कधी हाताला लागली, कधी वाढली, कधी फुटली. दीड वर्षं ती रोज मुलींना यकृत-प्लीहा शिकवत होती आणि घरी येऊन दार लावून पट्टी बदलत होती, आईसारखीच, जुन्या साडीच्या पट्ट्या करून. मी विचारलं, का? तुला तर नाव माहीत होतं. तिने माझ्या हातातून ब्लाउज घेतला आणि डाग आत जाईल अशी त्याची घडी घातली.

“शिकवताना तो अवयव दुसऱ्याचा असतो गं,” ती म्हणाली. “आपला झाला की तोंडातून निघत नाही. डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनदा गेले होते मी. आत बोलावलं तेव्हा पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि गोळ्या घेऊन आले.”

दुखणं अंगावर काढलं एवढंच ऐकून गावातले लोक आता म्हणतात, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. त्यांना हसायला काय जातं? ज्यांनी तिला लहानपणापासून तोंड मिटायला शिकवलं तेच आता ती बोलली नाही म्हणून मान हलवतात. पण मला त्यांच्यापेक्षा तिचाच जास्त राग येतो, कारण ती त्यांच्यातली नव्हती. ती आमच्यातली, तोंड उघडलेली, एकुलती एक बाई होती.

मग मुंबईचं हॉस्पिटल, केमो, पुन्हा केमो, आणि मग काहीच नाही. घरी दिनेशने पोटाचा कॅन्सर सांगितला होता आणि ड्रेसिंगच्या वेळी मित्राला औषधं आणायला खाली पाठवलं जायचं. डॉक्टरीणबाईंनी मला आणि दिनेशला बाजूला घेऊन पमीच्या आईचं विचारलं, सगळं ऐकलं आणि स्पष्ट सांगितलं की आजीला होता, आत्याला झाला, तेव्हा घरातल्या मुलीला लवकर तपासायला आणा, दुखायची वाट बघू नका. दिनेश हो हो म्हणाला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “कुंदाताई, मित्राचं बदलापूरच्या स्थळाशी चाललंय. आत्ता हे बाहेर गेलं तर घराण्याचा रोग म्हणून नाव पडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न होऊ दे, मग बघू.” वाईट माणूस नाही दिनेश. बहिणीसाठी त्याने रजा घालवल्या, रात्री काढल्या. म्हणूनच त्याला शिव्याही नीट देता येत नाहीत.

शेवटच्या भेटीत मी पमीलाच विचारलं. ऑक्सिजनची नळी होती, आवाज खोल गेला होता. म्हटलं, मित्राला कोण सांगणार? तिने डोळे मिटले. “लग्न होऊ दे,” म्हणाली, “मग तू सांग.” मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नर्सने वेळ संपली सांगितलं आणि मी बाहेर आले. त्या दोन वाक्यांसाठी मी तिला अजून माफ केलेलं नाही... अंजूरच्या त्या म्हातारीला आतडी दाखवणारी बाई स्वतःच्या भाचीला छाती दाखवू शकली नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना झाली आणि मग भाषणं. सेक्रेटरीही आले होते, पांढऱ्या शर्टात. प्रमिला मॅडमनी शरीरशास्त्रासारखा अवघड विषय सोपा केला, त्यांचा कापडी एप्रन ही संस्थेची शान आहे, असं ते बोलले. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी उठले नाही. उठले असते तर तिथेच सगळं बोलले असते, आणि ज्या मुलीच्या अंगाचा प्रश्न तिलाच ते सगळ्या गावाबरोबर कळलं असतं. तेवढी अक्कल माझ्या रागाला होती.

त्यानंतरच्या रविवारी मित्राने फोन केला, आत्याची खोली आवरायची आहे, मावशी येशील का? एप्रन तिथेच होता, दाराच्या मागच्या खिळ्याला. मित्राने तो काढला, झटकला आणि गळ्यात घातला. लहानपणी ती घालायची तसाच, तेव्हा तो तिच्या पायात यायचा. आरशासमोर उभी राहून तिने एकेक अवयव लावला, यकृत उजवीकडे, तिच्या उजवीकडे, न चुकता. मग छातीवर हात नेला आणि थांबली.

“मावशी, ही बटणं कशाची?”

दिनेश खाली हॉलमध्ये होता. मला त्याचा टीव्ही ऐकू येत होता. मी दार लावलं, मित्राला पलंगावर बसवलं आणि सांगितलं. कशाची बटणं, कोणी काढली, तिच्या आत्याला काय झालं होतं, आजीला काय झालं होतं, आणि डॉक्टरीण तिच्याबद्दल काय म्हणाली. मी नावं घेऊन सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली. “म्हणजे मला खाली पाठवत होते ते याच्यासाठी?” एवढंच म्हणाली. एप्रन तसाच गळ्यात ठेवून खाली गेली आणि बापापुढे जाऊन उभी राहिली. दिनेशने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं आहे.

बदलापूरच्या मुलाला मित्राने स्वतः फोन करून सांगितलं. घरच्यांशी बोलून कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही. कळवू दे, नाहीतर न कळवू दे. हा लेख छापायची परवानगी मित्राने दिली आहे, नावासकट. तिच्या वडिलांनी दिलेली नाही, आणि मी मागितलेलीही नाही. मागच्या आठवड्यात आम्ही दोघी तपासणीला गेलो. खिडकीपाशी मोठी रांग होती, बायका-पुरुष सगळे. आतल्या माणसाने कागदावरून मान वर न करता विचारलं, काय तक्रार आहे. मित्राने एकदा मागे माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीत वाकून, मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तक्रार नाही. स्तन तपासायचे आहेत. आजीला आणि आत्याला कॅन्सर होता.” मागे कोणीतरी खाकरलं. आतल्या माणसाने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. सध्या काही नाही, पण दर वर्षी यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

आता एप्रन माझ्याकडे आहे. कपाटातल्या चिंध्यांखालून मी ते दोन्ही स्तन काढले. रंग उडाला होता, एका बाजूची शिवण उसवली होती, वाटाणा मात्र जागेवर होता. शिवण घातली, हिरवी नाडी नवी लावली, मणी ओवले. पमीच्या जागी आलेली नवी मुलगी परवा न्यायला आली. तिने विचारलं, मॅडम, सेक्रेटरी सर काही म्हणणार नाहीत ना? मी म्हटलं, म्हणाले तर त्यांना वर माझ्याकडे पाठव. मग तिला खुर्चीवर बसवून मी टिचबटणं लावून दाखवली, आधी उजवं, मग डावं. लागताना टिच् असा आवाज होतो. पमे, इतकासाच आवाज करायचा होता गं तुला.